तारांकित फ्रिज आणि बिनहिशेबी स्वयंपाकघर

३० मे २०२४ रोजी देशातील विजेच्या मागणीने अडीच लाख मेगावॉटचा उच्चांक गाठला. तेव्हापासून उन्हाळ्यात विजेची चर्चा निघाली, की सर्वांचे बोट वातानुकूलन यंत्रांकडे वळते. त्यात तथ्य आहेच. परंतु बहुतेक घरांत हे यंत्र वर्षातील तीन-चार महिने, आणि तेही दिवसाचे काही तास चालते. ज्या यंत्राला सुट्टी म्हणून ठाऊक नाही, जे दिवाळीलाही चालते आणि घरची मंडळी गावी गेली तरी चालते, त्या फ्रिजचा उल्लेख मात्र या चर्चेत क्वचितच होतो. उष्णतेच्या लाटेत विजेची मागणी चढते तेव्हा फ्रिजही त्याच वेळी अधिक वीज ओढत असतो, हे लक्षात घेतले जात नाही.

गोदरेजने १९५८ साली देशी बनावटीचा फ्रिज बाजारात आणला, तेव्हा ती श्रीमंतीची खूण होती. आज शहरी मध्यमवर्गात फ्रिज नसलेले घर शोधावे लागते. देशाचे चित्र अर्थात वेगळे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील दहापैकी जेमतेम चार घरांत फ्रिज होता. म्हणजे आणखी कोट्यवधी फ्रिज घराघरांत यायचे आहेत आणि ते यायलाही हवेत. अन्न टिकवणे, औषधे सुरक्षित ठेवणे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचे रोजचे कष्ट हलके करणे हा काही चैनीचा भाग नव्हे. प्रश्न आहे तो हे यंत्र किती विजेत चालणार, हा.

या प्रश्नाचे सरकारी उत्तर आपल्याला फ्रिजच्या दारावर चिकटवलेले दिसते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला, पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये तारांकनाची योजना सुरू झाली. आरंभी ती ऐच्छिक होती. दंवरहित, म्हणजे फ्रॉस्ट फ्री, फ्रिजसाठी ती जानेवारी २०१० पासून सक्तीची झाली. पुढे साध्या, डायरेक्ट कूल फ्रिजनाही ती लागू झाली. या योजनेने ग्राहकाला दुकानात उभे राहून दोन यंत्रांची तुलना करण्याची सोय दिली, हे तिचे मोठे यश आहे. मात्र या योजनेचा अंमल दुकानाच्या उंबरठ्याशी संपतो. पुढची दहा-पंधरा वर्षे तो फ्रिज कोठे ठेवला जातो, कसा वापरला जातो आणि त्याची निगा कोण राखतो, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. पाच तारे मोजून घेतलेल्या फ्रिजची कार्यक्षमता ओट्याशेजारच्या कोंदट कोपऱ्यात झिजून जाते, ती अशी.

ताऱ्यांनाही वय असते

सर्वप्रथम ताऱ्यांविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. तारा म्हणजे दागिन्यावरचा कायमचा शिक्का नव्हे. तो विशिष्ट कालावधीतील निकषांनुसार दिलेला दर्जा असतो, आणि तो कालावधी त्या पट्टीवर छापलेला असतो. ब्युरो हे निकष वेळोवेळी कडक करतो. जानेवारी २०२३ मध्ये ते असेच बदलले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आजच्या निकषांवर बराच खाली उतरेल. दुकानात जुन्या साठ्यातील यंत्र सवलतीत मिळत असेल, तर तारे मोजण्यापूर्वी वर्ष पाहावे.

ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचा आकडा त्याच पट्टीवर असतो: वर्षाला लागणारी युनिटे. तारे हे क्षमतेच्या तुलनेत दिले जातात. मोठ्या फ्रिजला अधिक तारे असूनही तो लहान फ्रिजपेक्षा अधिक वीज खाऊ शकतो. चौघांच्या कुटुंबाने पाच ताऱ्यांच्या मोहाने पाचशे लिटरचा फ्रिज घेतला आणि तो निम्मा रिकामा ठेवला, तर बचतीचा मूळ हेतूच हरवतो.

वर्षाला २०० युनिटे म्हणजे चोवीस तासांची सरासरी काढली तर अवघे २३ वॅट. एखादा एलईडी दिवा अहोरात्र जळत ठेवावा तेवढीच ही वीज. हा आकडा लहान वाटतो, म्हणूनच फ्रिजकडे दुर्लक्ष होते. दुर्लक्षित फ्रिज मात्र या आकड्यावर थांबत नाही. पट्टीवरचा आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना किंवा मुंबईचा दमट जुलै हे त्या प्रयोगशाळेचे हवामान नव्हे.

यंत्र थंडी बनवत नाही

फ्रिज थंडी तयार करतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुत: तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या नळ्यांत वायूरूप होताना शीतकारक द्रव्य उष्णता शोषून घेते. काँप्रेसर त्यावर दाब देतो आणि मागच्या काळ्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यांतून ती उष्णता खोलीत सोडली जाते. ही एवढी गोष्ट ध्यानात घेतली, की फ्रिजच्या निगेचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. आत उष्णता कमी जाऊ द्यायची आणि बाहेर टाकलेल्या उष्णतेला निघून जायला वाट द्यायची, इतकेच ते शास्त्र आहे.

फ्रिजच्या आतील तापमान ५ अंश आणि खोलीचे ३२ अंश असेल, तर फरक २७ अंशांचा. खोली ४२ अंशांवर गेली, की फरक ३७ अंशांचा होतो. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती ३७ टक्क्यांनी वाढली. शिवाय तापलेल्या खोलीत उष्णता बाहेर टाकणे काँप्रेसरला अधिक जड जाते, तो भार निराळाच. विदर्भातील उन्हाळा कोणाच्या हाती नाही. परंतु गॅसच्या शेगडीशेजारी, पश्चिमेच्या उन्हात किंवा हवा न खेळणाऱ्या कोनाड्यात फ्रिज ठेवून आपण पुण्या-नाशिकच्या घरातही त्या यंत्रापुरता विदर्भातला मे महिना बारा महिने उभा करतो.

येथे अलीकडच्या घररचनेचा दोष मोठा आहे. नव्या सदनिकांत फ्रिजसाठी आखीव कोनाडा सोडलेला असतो. त्यावर कपाट, दोन्ही बाजूंना पाट्या आणि फ्रिज त्यात अगदी चपखल बसवलेला. दिसायला ते नेटके असते. परंतु पूर्वीच्या फ्रिजची जाळी मागे उघडी असे, तर आताच्या अनेक फ्रिजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्यांआड दडवलेल्या असतात. फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागल्या की काही जण घाबरून मेकॅनिकला बोलावतात. खरे तर ते यंत्र आपले काम करत असल्याचे लक्षण असते. त्या बाजूंना कपाटाच्या पाट्या चिकटल्या किंवा प्लॅस्टिकचे शोभिवंत आवरण घातले, तर उष्णता कोंडते. मागे आणि दोन्ही बाजूंना निदान चार बोटे आणि वर त्याहून थोडी अधिक जागा मोकळी असावी. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत नेमके अंतर दिलेले असते. सुताराला कोनाड्याचे माप देण्याआधी ती उघडलेली बरी.

कोणत्या सवयीचे वजन किती

फ्रिजविषयीचे घरगुती उपदेश बहुधा एकाच वाक्यात संपतात: दार सारखे उघडू नका. मुलांना तर हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकावे लागते. त्यात अर्थ आहे. मात्र त्याचे नेमके वजन तपासून पाहायला हवे. तीनशे लिटरच्या फ्रिजमधील सगळी हवा बदलली असे धरले, तरी ती हवा जेमतेम पाव ते अर्धा किलो भरते. किनारपट्टीच्या दमट हवेतील बाष्पाचा हिशेब धरूनही, तापवलेले एक लिटर दूध ऐंशी अंशांवर असताना आत ठेवले, तर त्यातून जेवढी उष्णता आत जाते तेवढी आत जाण्यासाठी दार निदान दहा-बारा वेळा पूर्ण उघडावे लागेल. दुधाच्या या सवयीपायी वर्षाला साधारण दहा-बारा युनिटे जादा जातात. रोज दूध तापवणाऱ्या घरात ही बचत फुकटची आहे.

मात्र अन्न निववायचे म्हणजे ते दिवसभर ओट्यावर ठेवायचे, असे नव्हे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक आणि कडक उन्हाळ्यात तासाहून अधिक बाहेर राहू नये. भाताच्या बाबतीत तर विशेष काळजी हवी, कारण त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही तग धरतात. पातेले पाण्याच्या परातीत ठेवणे, भाजी-आमटी उथळ भांड्यात काढणे या जुन्या युक्त्या येथे उत्तम उपयोगी पडतात. अन्न कोमट झाले, की झाकून आत ठेवावे. झाकण केवळ वासासाठी नसते. उघड्या भांड्यातील ओलावा बाष्परूपाने उडून थंड नळ्यांवर गोठतो आणि तो बर्फ काँप्रेसरच्या माथी पडतो.

दाराचे उघडणे क्षणाचे असते. दाराच्या रबराची फट मात्र रात्रंदिवस उघडी राहते. रबर कडक झाले, त्यात चिकटा साचला किंवा कोपऱ्यात ते सुटले, की बाहेरची दमट हवा सतत आत शिरते. याची परीक्षा सोपी आहे. दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. ती सहज निसटली, तर तेथे रबर नीट बसत नाही. चारही बाजूंना अशी नोट लावून पाहावी. पुष्कळदा कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसले तरी काम भागते. नाही भागले, तर रबर बदलून मिळते आणि त्याचा खर्च नव्या फ्रिजच्या तुलनेत किरकोळ असतो.

तिसरी बाब तापमानाच्या खटक्याची. आत १ ते ५ किंवा ७ असे आकडे असलेली चकती असते. ते आकडे अंशांचे नसून थंडाव्याच्या तीव्रतेचे असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. एप्रिलमध्ये पाणी गार होत नाही म्हणून चकती शेवटच्या आकड्यावर नेली जाते आणि मग ती डिसेंबरपर्यंत तेथेच राहते. मुख्य कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश हे घरगुती वापरासाठी योग्य तापमान. त्याखालील प्रत्येक अंशामागे विजेचा खर्च वाढतो आणि पालेभाज्या, काकड्या गोठून खराब होतात ते वेगळेच. अंदाजावर विसंबण्यापेक्षा एक साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा आणि सकाळी वाचावा.

साध्या फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर साचतो. बर्फ म्हणजे थंडावा, अशी समजूत असल्याने तो थर पाहून बरे वाटते. वास्तविक तो नळ्यांभोवतीची गोधडी ठरतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास थर जमला, की फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. सुरी किंवा सांडशीने तो खरवडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. यात नळी फुटण्याचा धोका तर असतोच, शिवाय आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमधील आयसोब्युटेन हा वायू ज्वलनशील आहे. त्याचे प्रमाण अल्प असते आणि बंद यंत्रात तो सुरक्षित असतो. फुटलेल्या नळीतून, शेगडीशेजारी तो तसा राहत नाही.

दंवरहित फ्रिजमध्ये हे काम आतला तापक आपोआप करतो आणि पंखा थंड हवा सर्वत्र फिरवतो. त्या हवेच्या झरोक्यांसमोर डबे रचले, की एका कोपऱ्यात दही गोठते आणि दुसऱ्या कोपऱ्यात भाजी नासते. मग फ्रिज बिघडला अशी तक्रार होते. फ्रिज साधारण दोन-तृतीयांश भरलेला असावा. कांदे, बटाटे, केळी ही मंडळी मुळात फ्रिजमधली नव्हेतच. ती बाहेर काढली तरी बरीच जागा मोकळी होते.

रात्री फ्रिज बंद ठेवून वीज वाचवण्याचा उपाय काही घरांत अजून केला जातो. रात्रभर आत झिरपलेली उष्णता सकाळी उपसावीच लागते, त्यामुळे हाती लागणारी बचत नाममात्र असते आणि अन्न सुरक्षित तापमानाबाहेर जाते. वीज गेली असता मात्र काळजीचे कारण नाही. दार उघडले नाही, तर मुख्य कप्पा सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो आणि गच्च भरलेला फ्रीझर त्याहून कितीतरी अधिक काळ. वीज परत आल्यावर काही मिनिटे थांबून फ्रिज सुरू करणे काँप्रेसरच्या हिताचे असते.

आणखी एक बाब विजेची नव्हे, आरोग्याची आहे. फ्रिजच्या मागे, तळाशी वितळलेले पाणी साचणारे एक तबक असते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात महापालिकांचे आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरून कुंड्यांखालच्या ताटल्यांबरोबर हे तबकही तपासायला सांगतात, ते उगीच नव्हे. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून कोरडे पुसावे. त्याच वेळी मागील जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकली, अर्थात फ्रिजचे बटण बंद करून, तर एका खेपेत दोन कामे होतात.

वाचलेले युनिट सर्वांत महाग असते

एवढ्या खटाटोपातून वाचते काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वीजबिलाच्या रचनेत दडलेले आहे. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत्या दरांचे टप्पे आहेत. गेल्या काही वर्षांत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या दरांत दुपटीच्या आसपास अंतर राहिले आहे. त्यावर १६ टक्के वीजशुल्कही पडते. आपण वाचवतो ते युनिट बिलाच्या तळातून कमी होत नाही, ते माथ्यावरून कमी होते. म्हणजेच वाचलेले प्रत्येक युनिट हे त्या घरातील सर्वांत महाग युनिट असते. महिन्याला ११० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने फ्रिजच्या निगेतून दहा युनिटे वाचवली, तर त्याचा दुसरा टप्पाच पुसला जातो. मोठ्या बिलाच्या घराला हे आकडे क्षुल्लक वाटतील. एका खोलीच्या घराला ते वाटत नाहीत.

फ्रिज बदलण्याचा निर्णयही याच काट्यावर तोलायला हवा. समजा, एखादा जुना फ्रिज वर्षाला ५०० युनिटे खातो आणि नवा २०० युनिटांत भागवतो. वाचलेल्या युनिटाचा दर दहा रुपये धरला, तर वर्षाला तीन हजार रुपये वाचले. नव्या यंत्राची किंमत पंचवीस हजार असेल, तर ती वसूल व्हायला आठ वर्षे लागतात. यावरून निष्कर्ष असा निघतो, की पंधरा-वीस वर्षांचा, सतत घरघरणारा फ्रिज निवृत्त करावा; मात्र सात-आठ वर्षांचा धडधाकट फ्रिज केवळ नव्या ताऱ्यांसाठी किंवा सणाच्या सवलतीसाठी काढून टाकू नये. त्याच्या रबराकडे, जाळीकडे आणि जागेकडे लक्ष देणे अधिक किफायतशीर. नवा घेताना वेग कमी-अधिक करणारा इन्व्हर्टर काँप्रेसर विचारात घ्यावा. त्याचा घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही. जुना काँप्रेसर पूर्ण वेगाने चालतो आणि थांबतो. हा गरजेपुरत्या वेगाने चालत राहतो, त्यामुळे वीज कमी लागते आणि आवाजही कमी होतो.

जुना फ्रिज जातो कोठे?

घरातून गेलेला फ्रिज बहुधा संपत नाही. तो एक पायरी खाली उतरतो. कधी तो घरकाम करणाऱ्या बाईंच्या घरी जातो, कधी गावी, कधी जुन्या वस्तूंच्या दुकानात आणि तेथून एखाद्या चहाच्या टपरीवर. देणाऱ्याच्या मनात सद्भावना असते, यात शंका नाही. परंतु सर्वांत अधिक वीज खाणारे यंत्र अशा रीतीने ज्यांना वीजबिल सर्वांत जड जाते त्यांच्या पदरात पडते. पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या खोलीत त्याची भूक आणखी वाढते. ऊर्जा कार्यक्षमतेची चर्चा करताना ही विषमता नजरेआड होते. जुना फ्रिज द्यायचाच असेल, तर त्याचे रबर बदलून आणि तो एकदा तपासून घेऊन द्यावा, एवढे तरी देणाऱ्याच्या हाती आहे.

अखेर तो भंगारात पोहोचतो. फ्रिजचा समावेश २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत आहे आणि एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी अधिक स्पष्टपणे टाकली आहे. व्यवहारात मात्र दारावर येणारा भंगारवाला रोख पैसे देतो आणि तांब्यासाठी नळ्या कापतो. त्यातील वायू हवेत जातो. ओझोनच्या थराला घातक ठरलेली सीएफसी वर्गातील द्रव्ये १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाली. त्यांच्या जागी आलेला आर-१३४ए हा वायू ओझोनला हानी पोहोचवत नाही. परंतु तापमानवाढीच्या बाबतीत तो समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा द्रव्यांनाही लगाम घातला असून भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. नव्या फ्रिजमधील आयसोब्युटेन या दृष्टीने जवळपास निरुपद्रवी आहे. जुने फ्रिज मात्र अद्याप घराघरांत आहेत आणि त्यांच्या पोटातील वायू योग्य रीतीने काढून घेण्याची व्यवस्था भंगाराच्या बाजारात नाही.

धोरणाने उंबरठा ओलांडावा

मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतनाची गरज २० ते २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचाही त्यात संकल्प होता. आराखड्यातील हा भाग सर्वांत कमी चर्चिला गेला आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गल्लीतील मेकॅनिकला ज्वलनशील वायू हाताळण्याचे शिक्षण नसेल, तर तो प्रत्येक दुखण्यावर गॅस भरण्याचा एकच इलाज करणार. बंद यंत्रातला वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. ग्राहकाने मेकॅनिकला आधी गळती दाखवायला सांगावी. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, तेव्हा घरगुती उपकरणेही त्याच्या कक्षेत आली. रबरापासून सर्किटपर्यंतचे सुटे भाग वाजवी दरात आणि पुरेशी वर्षे मिळणे, हा ऊर्जा बचतीचाही प्रश्न आहे.

याच्या जोडीला तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. वीज कंपन्यांनी अल्प उत्पन्न गटासाठी जुना फ्रिज परत घेऊन कार्यक्षम फ्रिज हप्त्यांवर देण्याची योजना आखावी. हप्ता बिलातील बचतीतून फिटू शकतो. वास्तुरचनाकारांनी आणि विकासकांनी फ्रिजचा कोनाडा शोभेपेक्षा हवेच्या हिशेबाने आखावा. विक्रेत्यांनी तारे दाखवताना वर्ष आणि वार्षिक युनिटेही मोठ्या अक्षरांत दाखवावीत.

एक कोटी फ्रिजनी वर्षाला प्रत्येकी ५० युनिटे वाचवली, तर ५० कोटी युनिटे वाचतात. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने ही बचत साडेतीन लाख टनांची होते. यासाठी नवा प्रकल्प उभारावा लागत नाही, कोणाची जमीन घ्यावी लागत नाही.

शेवटी फ्रिज हा अन्नासाठी आहे, याचाही विसर पडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतीय घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. मागच्या फळीवर विसरलेला डबा आठ दिवस थंड ठेवून नवव्या दिवशी टाकून दिला, तर अन्नही गेले आणि वीजही गेली. आठवड्यातून एकदा फ्रिज रिकामा करून पुसण्याची पद्धत पूर्वी अनेक घरांत होती. ती पुन्हा सुरू करायला कोणत्याही सरकारी अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.